'पडोसन' आणि आपला माळवा

गणपतीच्या दहा दिवसांत कुठल्याही मराठी मंडळाच्या मांडवात गाण्यांची रात्र झाली, की अकराच्या सुमारास एक फर्माईश हमखास येते. दोन हौशी गायक उठतात, एक मिशीवर ताव देतो, दुसरा लुंगी सावरल्याचा अभिनय करतो आणि पुढच्या रांगेतल्या आजीबाईंपासून मागे सतरंजीवर लोळणाऱ्या पोरांपर्यंत सगळे सरसावून बसतात. 'एक चतुर नार' सुरू होणार असतं.

'पडोसन' १९६८ चा. पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी आपल्या घरांतून तो अजून पाहिला जातो, आणि पाहणाऱ्यांना पुढचा संवाद आधीच पाठ असतो. कथा तुम्हाला सांगायला नकोच. भोळा भोला, समोरच्या खिडकीतली बिंदू, तिला गाणं शिकवायला येणारे दाक्षिणात्य मास्टरजी आणि भोलाच्या मदतीला धावणारा, सदा तोंडात पान असलेला विद्यापती. दिग्दर्शक ज्योती स्वरूप, संगीत राहुलदेव बर्मन यांचं, गीतं राजेंद्र कृष्ण यांची. मूळ कथा मात्र बंगाली, अरुण चौधुरींची. तिच्यावर १९५२ साली 'पाशेर बाडी' निघाला आणि पुढे दक्षिणेतही तिचे अवतार झाले. म्हणजे गोष्ट बंगालची, चित्रपट मुंबईचा. तरीही मी तो आपला म्हणतो, आणि त्याला कारण आहे.

हाटपिपल्याहून देवास आणि इंदूर जवळ, दक्षिणेला उतरून नर्मदा ओलांडली की निमाड आणि खंडवा. पश्चिमेला उज्जैनच्या पलीकडे बडनगर. आता हिशोब मांडा. विद्यापती झालेले किशोरकुमार ४ ऑगस्ट १९२९ रोजी खंडव्यात जन्मले, कॉलेजला इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात होते. बिंदूच्या तोंडची गाणी गाणाऱ्या लताबाई २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदुरात जन्मल्या. दोघांत अंतर पंचावन्न दिवसांचं. (आपल्या हाटपिपल्याचे कैलाश जोशी, पुढे मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले ते, त्याच साली जन्मले. पण त्यांचा गाण्याशी संबंध जोडण्याचा हट्ट मी करत नाही.) आणि 'एक चतुर नार' हा मुखडाही 'पडोसन'चा नव्हेच. तो १९४१ च्या बॉम्बे टॉकीजच्या 'झूला'तला. संगीत सरस्वतीदेवींचं, गायले होते स्वतः अशोककुमार, म्हणजे किशोरचे थोरले बंधू, आणि शब्द होते कवी प्रदीप यांचे. प्रदीप बडनगरचे! थोरल्या भावाचं साधंसुधं, हलकंफुलकं गाणं धाकट्यानं सत्तावीस वर्षांनी उचललं आणि त्याचा आखाडा केला.

तो आखाडा कुठून आला हेही पाहण्यासारखं आहे. हिंदी चित्रपटात गवयांचा सामना १९५२ च्या 'बैजू बावरा'त गाजला. त्यात तानसेनाचा आवाज होता उस्ताद अमीर खाँ यांचा, म्हणजे पुन्हा आपल्या इंदूरचा, आणि बैजूचा द. वि. पलुस्करांचा. मग १९५६ च्या 'बसंत बहार'मध्ये मन्ना डे आणि भीमसेन जोशी समोरासमोर आले. तिथे नायकासाठी गाणाऱ्या मन्नादांना भीमसेनांवर मात करायची होती, निदान पडद्यावर. मन्नादा काही कच्चे नव्हते. काका कृष्णचंद्र डे यांच्यापासून त्यांची तालीम सुरू झाली होती. पण भीमसेनांना हरवायचं म्हणजे काय हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. बारा वर्षांनी फासे उलटे पडले. 'पडोसन'मध्ये मन्नादा मेहमूदसाठी, म्हणजे मास्टरजींसाठी गायले, आणि त्यांना हरायचं होतं ते किशोरकुमारकडून, ज्यानं रीतसर तालीम कधी घेतलीच नाही.

इथे गंमत आणखी दाट होते. चित्रपटातली युक्ती काय? भोलाला गाता येत नाही, म्हणून विद्यापती आडून गातो आणि भोला खिडकीत उभा राहून ओठ हलवतो. म्हणजे हा सबंध चित्रपट पार्श्वगायनावरची थट्टा आहे. आपल्या संगीत नाटकाच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला ही थट्टा विशेष कळते, कारण आपल्याकडे रंगभूमीवर नटानं स्वतः गायचं असा दंडक होता. बालगंधर्वांसाठी दुसऱ्यानं विंगेतून गायचं ही कल्पना तरी करवते का? आणि आडून गाणारा विद्यापती कोण? तोच किशोरकुमार, ज्याच्यासाठी १९५८ च्या 'रागिनी'त शास्त्रीय ढंगाचं 'मन मोरा बावरा' महंमद रफींनी गायलं होतं आणि यानं ओठ हलवले होते! दहा वर्षांनी त्यानं ती उसनवारी अशी फेडली.

आता थोडं अडचणीचं. आमच्या ओळखीच्या एक जुन्या संगीतशिक्षिका 'पडोसन' लागला की उठून आत जात. त्यांचं म्हणणं, यात शिकलेल्या गवयाची टिंगल आहे आणि न शिकलेल्याचा विजय आहे, शिवाय तोही लबाडीनं. मी बरीच वर्षं हसण्यावारी नेलं. पण त्यात तथ्य आहे. मास्टरजींचे सूर चुकत नाहीत. ते हरतात ते गोंधळून, समोरचा नियम मोडून गातो म्हणून. आणि हसू येतं ते त्यांच्या गाण्यापेक्षा त्यांच्या उच्चारांचं. दक्षिणेकडचा माणूस उत्तरेत येऊन हिंदी बोलतो, एवढंच काय ते विनोदाचं भांडवल. शेवटी लग्नात त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं, तिकडे आपलं लक्ष जात नाही.

आपण मात्र लक्ष द्यायला हवं, असं मला वाटतं. पुण्याचे पाहुणे आले आणि आपण 'तो जेवून राहिला आहे' म्हणालो, की त्यांच्या ओठांवर येणारं हसू आपल्या ओळखीचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात राहून आपली मराठी माळवी झाली, आणि बाजारात आपली हिंदी ऐकून लोक विचारतात, 'आप मराठी हो?' दोन्हीकडे आपण थोडे मास्टरजीच.

आणि खरोखरीचे एक दाक्षिणात्य मास्टरजी आपल्याच जिल्ह्यात येऊन राहिले होते. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हे बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरची भाषा कानडी. क्षयानं आजारी, हवापालटासाठी १९४८ साली देवासला आले. हे ते देवास, जिथे उस्ताद रजब अली खाँ यांच्यासारखा गवई १९५९ पर्यंत नांदत होता. कुमार गंधर्वांना काही वर्षं गाण्याची मनाई होती. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, ती टिपली, त्यांत रागांची मुळं शोधली आणि बरे होऊन गायला बसले तेव्हा माळवा त्यांच्या गळ्यात होता. परका माणूस गावाचं गाणं गावापेक्षा अधिक कान देऊन ऐकू शकतो, हे देवासनं पाहिलं आहे. १९९२ मध्ये ते गेले ते देवासचे म्हणूनच.

कुमारजी आणि किशोरकुमार यांची नावं एका दमात घेतली म्हणून कोणी रागावू नये. पण एक साम्य आहेच. कुमारजी लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब तशाच गात, त्यावरच लोक थक्क होत. पुढे देवधर मास्तरांकडे गेल्यावर त्यांचं स्वतःचं गाणं घडू लागलं. किशोरकुमारही आरंभी सैगलसारखेच गात, आणि ती सावली सुटायला त्यांनाही वेळ लागला. नक्कल हा दोघांचाही पहिला धडा. विद्यापती भोलाला शिकवतो तोही तोच, फरक इतकाच की भोला तिथेच थांबतो!

'पडोसन'नंतर वर्षभरात 'आराधना' आला आणि किशोरकुमारांना अभिनयाकडे पाहायला फुरसत उरली नाही. त्यामुळे ते पूर्ण बहरात नट आणि गायक म्हणून एकत्र दिसतात ते इथे, आणि मी दरवर्षी तो पाहतो तो त्यासाठी. १३ ऑक्टोबर १९८७ ला मुंबईत गेले, पण अंत्यसंस्कार खंडव्यात झाले.

यंदा मांडवात 'एक चतुर नार' होईल तेव्हा एक पाहा. विद्यापती व्हायला चार पोरं पुढे येतात. मास्टरजी व्हायला कुणी तयार नसतं, कारण शेवटी हरायचं असतं. मग पेटी वाजवणाऱ्याला आग्रह करून उभं करतात, कारण त्या सरगमा आणि ताना सुरात घेणं बाकी कुणाला जमत नाही.