कोयनेचे दोन नकाशे

नदीचा इतिहास ग्रंथांत शोधण्याची आपणांस सवय आहे. तो नकाशांतही असतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. कोयनेच्या खोऱ्याचे जुने व नवे स्थलनिर्देशक नकाशे शेजारी ठेवून पाहिले, की आम्हांस हे प्रकर्षाने जाणवते.

महाबळेश्वरी उगम पावणारी कोयना सह्याद्रीची मुख्य रांग आणि बामणोलीची रांग यांच्यामधून सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेस वाहते, हेळवाकजवळ पूर्वेस वळते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांचे प्रमाण एका मैलास एक इंच असे. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा त्यांत तपकिरी रंगाने काढीत. डोंगरउतारावर या रेषा एकमेकींना खेटून येतात, नदीकाठी दूर सरकतात. जेथे त्या दूर सरकतात तेथेच सपाट जमीन, तेथेच भातखाचरे.

धरणाच्या पाण्यालाही हीच सखल जागा मिळाली. १९६४ साली १०३ मीटर उंचीचे कोयना धरण पूर्ण झाले. नव्या नकाशांत नदीकाठाच्या त्या रेषांवर शिवसागर जलाशयाचा निळा रंग पसरलेला दिसतो.

जलाशय पूर्ण भरला असता पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे २,१६० फुटांवर असते. एक इंची नकाशात दोन समोच्च रेषांतील उंचीचे अंतर सामान्यतः ५० फुटांचे. म्हणजे पाण्याची कड २,१५० आणि २,२०० फुटांच्या रेषांमध्ये पडते. चढणीवर ही फट कागदावर जेमतेम एखाद-दोन मिलिमीटरची. प्रत्यक्षात मात्र कोणाचे घर राहणार आणि कोणाचे बुडणार, हे तिच्यातच ठरले. ज्यांची घरे वर राहिली, त्यांपैकी कित्येकांची खाचरे गेली, पायवाटा तुटल्या.

कोयनेच्या विजेने महाराष्ट्रातील घरे उजळली, कारखाने चालले. हे ऋण नाकारता येणार नाही. परंतु ते कोणाचे, हे नवा नकाशा सांगत नाही. जुना नकाशा गावाचे नाव आणि जागा तेवढी सांगतो. शेताचा धनी, पाणवठा, देवस्थानाची वाट हे सारे माणसांच्या स्मरणातच असते. म्हणून आम्हांस वाटते, उठून गेलेल्या गावांतील वृद्ध मंडळी आपल्यात आहेत तोवर जुना नकाशा त्यांच्यापुढे पसरावा आणि ती जे सांगतील ते लिहून ठेवावे.