स्थिर संकेतस्थळांतील सामाईक खंड : एका रचनापद्धतीचा पूर्वेतिहास

संकेतस्थळाच्या प्रत्येक पृष्ठावर काही भाग तोच असतो : शिरोभाग, विषयसूची, तळपट्टी. हा भाग एकदाच लिहावा व सर्वत्र वापरावा, ही अपेक्षा साधी आहे. परंतु एचटीएमएल ह्या पृष्ठलेखनाच्या भाषेत तिची सोय मुळातच नव्हती. टेड नेल्सन ह्यांनी १९६५ साली 'हायपरटेक्स्ट' हा शब्द रूढ केला. एका लेखातील उतारा मूळ स्थळाशी असलेले नाते न तोडता दुसऱ्या लेखात दिसावा, ही कल्पना त्यांच्या पुढील विवेचनात केंद्रस्थानी होती. टिम बर्नर्स-ली ह्यांनी १९८९ साली सर्न येथे मांडलेल्या प्रस्तावातून जे वेब उभे राहिले, त्याने दुवा स्वीकारला, उतारा मात्र सोडून दिला. चित्र अन्यत्रून आणता येई. दहा ओळींची विषयसूची आणता येत नसे.

ही उणीव २००८ नंतरच्या 'स्टॅटिक साइट जनरेटर' ह्या साधनांनी प्रथम दूर केली, असा समज आढळतो. तो टिकण्यासारखा नाही. केंब्रिज येथे १९४९ साली एड्सॅक हे संगणकयंत्र चालू झाले, तेव्हा वारंवार लागणारे आज्ञासमूह छिद्रित कागदी फितींवर नोंदून कपाटात ठेवीत व गरजेप्रमाणे नव्या कार्यक्रमाच्या फितीवर त्यांची यांत्रिक नक्कल करीत. विल्क्स, व्हीलर व गिल ह्यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा समूहांचे दोन प्रकार मानले आहेत. 'खुला' समूह जेथे लागेल तेथे प्रत्येक वेळी उतरविला जातो. 'बंद' समूह एकाच ठिकाणी राहतो व मुख्य कार्यक्रम त्याच्याकडे जाऊन परततो. नक्कल केव्हा करावयाची, हा पुढील सर्व इतिहासातील प्रश्न येथेच स्पष्ट झालेला दिसतो.

वेबच्या आरंभकाळात ह्या प्रश्नाची तीन उत्तरे पुढे आली. इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए ह्या केंद्रात रॉब मॅकूल ह्यांनी रचलेल्या सर्व्हरमध्ये (१९९३) पृष्ठात एक खूण लिहिली की मागणी येताच सर्व्हर तेथे दुसरी फाइल घालून देई. ही खूण भाषेच्या टिप्पणीत दडविलेली असे, म्हणजे भाषेला तिचा पत्ताच नसे. पद्धत सोयीची होती. तथापि प्रत्येक मागणीला सर्व्हरास पृष्ठ नव्याने चाळावे लागे. नेटस्केपच्या 'फ्रेम्स'नी (१९९६) जोडणीचे काम ब्राउझरवर टाकले. त्यात आतील पृष्ठ बदलले तरी वर दिसणारा पत्ता तोच राही, त्यामुळे नेमका संदर्भ देणे दुष्कर झाले. संशोधकाच्या दृष्टीने हा दोष अक्षम्य होता. तिसरे उत्तर लेखकाच्या यंत्रावरच जोडणी करून तयार पृष्ठे प्रसिद्ध करण्याचे. बेन व मेना ट्रॉट ह्यांच्या 'मूव्हेबल टाइप'ने (२००१) साच्यांतून स्थिर पृष्ठे घडविली, पण ती सर्व्हरवर. साच्यात किरकोळ फेरफार केला तरी सर्व पृष्ठे पुन्हा घडवावी लागत व त्यास बराच वेळ जाई.

टॉम प्रेस्टन-वर्नर ह्यांचे 'जेकिल' (२००८) ह्याच परंपरेतील होय. त्याने टोबियास ल्युटके ह्यांची 'लिक्विड' ही साचाभाषा घेतली व सामाईक खंडांना स्वतंत्र पुस्तिका दिली. एड्सॅकचे कपाटच जणू येथे परत आले. मात्र एक अडचण येथे उद्भवली. विषयसूचीचा खंड सर्वत्र तोच असला तरी वाचक कोणत्या पानावर आहे हे तिने दाखवावयाचे असते; म्हणून खंडाला पृष्ठाची माहिती पुरवावी लागते. लिक्विडच्या जुन्या पद्धतीत खंड व पृष्ठ ह्यांची चलपदे एकत्र नांदत, त्यामुळे खंडात दिलेले नाव पृष्ठात नकळत शिरे. शॉपिफायने २०१९ साली वेगळी आज्ञा आणून खंडाची कक्षा बंद केली. त्याला लागणारे मूल्य उघडपणे हाती द्यावे लागते. हा सुधारणेचा भाग लहान दिसतो. वस्तुतः सर्वांत महत्त्वाचा तोच आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास ह्या पद्धतीचा एक परिणाम विशेष जाचतो. तळपट्टीचा खंड बदलून संकेतस्थळ पुन्हा घडविले की २००९ सालच्या लेखाखाली २०२० सालचा मजकूर येतो. पुष्कळ साच्यांत तळपट्टीतील वर्ष घडणीच्या दिवसावरून आपोआप भरले जाते. ते लेखनकाल समजणे म्हणजे शुद्ध फसगत. इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये (सर्वांस खुले २००१) त्या त्या दिवशी वाचकासमोर आलेले पृष्ठ सापडते, पण सर्व दिवसांचे नव्हे. गिटच्या भांडारात प्रत्येक फाइलचा बदल नोंदलेला असतो खरा; परंतु लेखाच्या फाइलची नोंद पाहिल्यास ती वर्षानुवर्षे अविकृत दिसते, कारण बदल झालेला असतो खंडाच्या फाइलमध्ये. म्हणून एका पृष्ठाचा काल ठरविताना लेख, त्याने वापरलेले सर्व खंड व त्यांना जोडणाऱ्या साधनाची आवृत्ती अशा तीन नोंदी एकमेकींशी ताडून पाहाव्या लागतात.