भरणी टाकणारा बाप इतिहासात कुठे आहे?

घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचा इतिहास विचारला की आपण एकच तारीख सांगतो. ११ जुलै १९९७. सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला, लोक पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा भीमसैनिक शहीद झाले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदमला जन्मठेप दिली, आणि तो जामिनावर सुटलाही. ही तारीख विसरायची नाहीच. पण ज्या वस्तीवर गोळ्या चालल्या ती वस्ती उभी कुणी केली, हे आपण कधी लिहिलं?

१९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली, त्याआधी-नंतर जातीच्या जाचाला कंटाळून निघालेली माणसं मुंबईत आली. त्यांच्या वाट्याला आली कुणालाच नको असलेली सखल, चिखलाची जमीन. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींवर सेंटरिंग, बिगारी करणारा बाप संध्याकाळी स्वतःच्या दहा बाय दहात भरणी टाकायचा. आधी बांबू आणि ताडपत्री, मग पत्रे, मग विटांची भिंत, पोरगा लग्नाला आला की वर माळा. पावसाचं पाणी आत शिरलं की पुढच्या वर्षी जोतं एक वीत वर. सभेत तो बोलला नाही, सतरंज्या मात्र त्यानेच अंथरल्या. (आणि घमेलं त्याच्या बायकोनेही उचललं. ‘बापाने घर बांधलं’ म्हणताना ती आपल्या तोंडून नेहमी गळते.)

असा बाप आपल्याला अनोळखी नाही. परळच्या डबक चाळीत एकच खोली होती. भीमाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागायचे, मग त्याला उठवून स्वतः आडवे व्हायचे. ते आपण अभिमानाने सांगतो, कारण मुलगा बाबासाहेब झाला. ज्याचा मुलगा रिक्षा चालवतो, त्या बापाचं जागरण कुठे नोंदलंय?

सरकारने त्याची नोंद केली ती अतिक्रमण म्हणून. जानेवारी १९७६ मध्ये झोपड्या मोजल्या, फोटोपास दिले. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने १ जानेवारी १९९५ ही मुदत घातली, पुढे ती सरकली. प्रश्न तोच राहिला, तू आलास कधी? पुरावा काय?

आणि वरून ऐकवतात, ‘यांना फुकटात घरं मिळतात.’ फुकटात? चिखलाची जमीन झाली ती कुणाच्या ट्रकभर डेब्रिजने? पाणी, वीज, संडास कुणाच्या मोर्चांनी आले? आज त्या जागेला जो भाव आहे, त्यात या माणसांची तीस-चाळीस वर्षांची मजुरी मुरलेली आहे, आणि ती कुणी कधी चुकती केलेली नाही. तीनशे चौरस फूट हे दान नाही. थकबाकीचा तो एक हप्ता आहे.

आता एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण मिळून नगराचा पुनर्विकास करत आहेत. सोळा हजारांवर झोपड्यांचा प्रश्न आहे. घर पाडलं की त्याची भिंत, माळा, जोतं सगळं डेब्रिज होतं आणि दुसऱ्या कुणाची भरणी होते. म्हणून तरुणांनो, पात्रतेसाठी फोटोपास आणि वीजबिलाची फाईल लावता तेव्हाच बापाशेजारी बसा. मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा : पहिला बांबू कुठून आणला, भरणी किती ट्रक लागली, पैसे कुणाकडून उसने घेतले, झोपडी किती वेळा तुटली. तो ‘काय सांगायचं त्यात’ म्हणेल. थांबा, उठू नका.