वेडाचे बोल आणि त्यांची मराठी नोंद

मनोविकृतीत भाषेत उद्भवणारे दोष हा सर्वसाधारणपणे आधुनिक मनोविकारशास्त्राचा विषय मानला जातो. ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९११ मध्ये छिन्नमनस्कतेचे विवेचन करताना विचारसाहचर्याची शिथिलता हे मूलभूत लक्षण मानले. नॅन्सी आंद्रेआसन यांनी १९७९ मध्ये विचार व वाणीतील १८ दोषांच्या व्याख्या दिल्या. तथापि लोक ज्याला वेडा म्हणत, त्याचे बोल जपून ठेवण्याचे काम मराठीत तेराव्या शतकातच झाले होते.

ऋद्धिपूरचे गुंडम राऊळ, म्हणजेच गोविंदप्रभू, हे महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकी एक व चक्रधरस्वामींचे गुरू. त्यांच्या निर्याणानंतर म्हाइंभटांनी भक्तांच्या आठवणी गोळा करून त्यांचे चरित्र सिद्ध केले. स्वतःशीच बोलणे, मूर्तींशी संवाद करणे, एखादी गोष्ट करावी व लगेच करू नये असे उलटसुलट निश्चय उच्चारणे, तेच ते उद्गार पुन्हा पुन्हा काढणे, हे सारे त्यात नोंदलेले आहे. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी देव आणि वेडा या दोन्ही प्रतिमांच्या संदर्भात या चरित्राचा विचार केला आहे. सातशे वर्षांनंतर रोगनिदान करणे अर्थातच अप्रस्तुत ठरेल. महत्त्वाचे हे की, भक्तांच्या दृष्टीने ती ईश्वरी लीला होती. म्हणून त्या बोलांना व्यवस्थित अर्थ देण्याच्या मोहात संकलक पडला नाही.

ब्रिटिश अमदानीत नोंदीचा हेतू बदलला. नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा येथील वेड्यांच्या इस्पितळांना लागू झालेल्या १९१२ च्या अधिनियमानुसार वैद्यकीय प्रमाणपत्रात डॉक्टरने स्वतः पाहिलेल्या आणि इतरांकडून कळलेल्या गोष्टी वेगवेगळ्या लिहावयाच्या असत. नमुना इंग्रजी, रोगी मराठी बोलणारा. मॅजिस्ट्रेटला हवा असे तो वेडाचा पुरावा. रोग्याचे शब्द नव्हेत. त्यामुळे ‘असंबद्ध बोलतो’ एवढ्या आशयाच्या शेऱ्यानेही काम भागत असे.

भाषांतरात नेमके काय हरवते? मराठीत कर्ता अध्याहृत ठेवता येतो. ‘आला’, ‘गेली’ या क्रियापदांतच लिंग व वचन कळते. शेरी रॉचेस्टर व जे. आर. मार्टिन यांनी १९७९ मध्ये दाखविले की, विचारविकार असलेल्या रुग्णांच्या बोलण्यात कोण कोणाविषयी बोलत आहे हा संदर्भच अनेकदा तुटतो. मराठी वाक्य इंग्रजीत नेताना लेखनिकाला सर्वनाम घालावेच लागते, म्हणजे तुटलेला दुवा तोच जोडतो आणि लक्षण नाहीसे होते. याउलट ‘जेवणबिवण’, ‘पाणीबिणी’ ही निरोगी माणसाची नित्याची बोली. मराठी न जाणणाऱ्यास ती नादामागे वाहवत गेलेली वाणी वाटण्याचा संभव असतो. हा नादानुसारी दोष आंद्रेआसन यांच्या १८ दोषांतही आहे. मराठी रुग्णाच्या बोलण्यात तो शोधताना अशा द्विरुक्ती आधी वगळाव्या लागतात.