फ्रेमच्या दुकानातून उभी राहिलेली आर्ट गॅलरी : 'केमोल्ड'ची गोष्ट

गुहागर तालुक्यातल्या धोपाव्याहून फेरीबोट पकडली की पलीकडे दाभोळ, म्हणजे दापोली तालुका. याच तालुक्यातल्या मुरूडमध्ये शिल्पकार सदानंद बाकरे यांनी आयुष्याची शेवटची वर्षं काढली. २००७ मध्ये त्यांचं निधन झालं.

बाकरे हे 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'च्या सहा संस्थापकांपैकी एक. सूझा, रझा, हुसेन, आरा आणि गाडे हे बाकीचे पाच. १९४७ मध्ये मुंबईत हा ग्रुप सुरू झाला. आज यातल्या काहींची चित्रं लिलावात कोट्यवधींना जातात, पण तेव्हा प्रश्न अगदी साधा होता : चित्रं लावायची कुठे? जहांगीर आर्ट गॅलरी उघडली तीच मुळी १९५२ मध्ये. त्याआधी नव्या चित्रकारांना ज्या मोजक्या भिंती मिळाल्या, त्यातली एक होती प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या फ्रेमच्या दुकानातली.

हे दुकान केकू गांधी यांचं. (आडनाव गांधी असलं तरी कुटुंब पारशी, वांद्र्याचं.) केकू केंब्रिजला शिकत होते. सुट्टीत घरी आले आणि दुसरं महायुद्ध पेटल्यामुळे इथेच अडकले. एका बेल्जियन माणसाच्या ओळखीतून ते फ्रेमच्या पट्ट्या बनवण्याच्या धंद्यात शिरले आणि १९४१ मध्ये 'केमोल्ड फ्रेम्स' सुरू झालं. 'केमोल्ड' हे 'केमिकल मोल्डिंग'चं छोटं रूप. म्हणजे देशातल्या एका नामवंत गॅलरीचं नाव एखाद्या कारखान्यासारखं आहे, त्यामागे कलेचा काही संबंध नाही!

फ्रेम करायला चित्रकार येत, ओळखी होत. केकूंनी आरा, हुसेन अशांची चित्रं शोरूममध्ये लावायला सुरुवात केली. पुढे १९६३ मध्ये केकू आणि त्यांच्या पत्नी खोर्शेद यांनी जहांगीरच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर 'गॅलरी केमोल्ड' उघडली.

एकाच इमारतीत दोन गॅलऱ्या कशाला?

कारण दोघींचं काम वेगळं. जहांगीरमध्ये चित्रकार दालन भाड्याने घेतो आणि खर्च स्वतः उचलतो. केमोल्डसारखी खासगी गॅलरी चित्रकार निवडते, प्रदर्शन स्वतः भरवते आणि चित्र विकलं गेलं तर त्यातला वाटा घेते. विकलंच गेलं नाही तर तोटा गॅलरीचा. नव्या, अनोळखी चित्रकारावर पैसे लावणं हा त्या काळी मोठाच जुगार होता. गांधींना तो खेळता आला, कारण पाठीशी फ्रेमचा धंदा होता. गॅलरीच्या स्वातंत्र्याचं खरं गुपित बहुधा हेच.

असाच एक डाव १९७५ चा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं केमोल्डमध्ये लागली. लग्नाचा चौक लिहिणं हे वारली समाजात सुवासिनींचं काम, तेही घराच्या भिंतीवर. भास्कर कुलकर्णी यांनी मशेंना कागदावर चित्रं काढायला लावलं आणि ती मुंबईच्या गॅलरीपर्यंत पोचली. आज साड्यांपासून मगपर्यंत वारली चित्रं दिसतात. मशेंना मात्र पद्मश्री मिळायला २०११ उजाडलं.

१९८८ मध्ये गॅलरीची सूत्रं मुलगी शिरीन गांधी यांच्याकडे आली. पुढच्याच वर्षी अतुल दोडिया यांचं पहिलं एकल प्रदर्शन इथे झालं. हळूहळू चित्रकारांचं काम कॅनव्हासबाहेर पडलं, मोठमोठ्या मांडण्या होऊ लागल्या आणि पहिल्या मजल्यावरची छोटीशी जागा अपुरी पडू लागली. २००७ मध्ये गॅलरी फोर्टातल्या प्रेस्कॉट रोडवर गेली आणि नाव झालं 'केमोल्ड प्रेस्कॉट रोड'. केकू २०१२ मध्ये गेले.

पत्ता : क्वीन्स मॅन्शन, तिसरा मजला. आत जायला तिकीट लागत नाही आणि चित्र विकत घ्यावंच लागेल असंही काही नाही.