फोटोत न आलेली माणसे

जुन्या नाशिकचे फोटो पाहिले की माणूस हळहळतो, ‘रस्ते किती मोकळे होते!’ मग द्वारका चौकाकडे बोट दाखवतो. मुंबई-आग्रा आणि पुणे रस्ता इथे मिळतात. २०१३ साली वरून उड्डाणपूल सुरू झाला, तरी खाली गर्दी आहेच.

पण जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवताना जरा थांबावे. १८३८ साली दागेरने पॅरिसच्या वाहत्या रस्त्याचे छायाचित्र घेतले. ते उमटायला काही मिनिटे लागली. चालती माणसे, धावत्या घोडागाड्या त्यात आल्याच नाहीत. बूट पुसून घ्यायला थांबलेला एकजण तेवढा दिसतो. सुरुवातीचे कॅमेरे असे संथ होते.

आपल्याकडे १८८९ मध्ये नाशिक रोड स्टेशन ते गाव अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. माणसांचा राबता होता, म्हणूनच ना?

काळारामाचा पाषाण स्थिर, तो दोन्ही फोटोंत ओळखू येतो. हमाल, भिस्ती, टांगेवाले चालते होते. म्हणून घरात जुना फोटो सापडला, तर वडीलधाऱ्यांना विचारा, ‘इथून कोण जायचे?’ आणि उत्तर फोटोच्या पाठीवर लिहून ठेवा.