पुराचे खापर

आमच्या गावाच्या नावातच सडक आहे. अर्जुनी नावाची गावे या मुलखात आणखीही आहेत. मोरगावजवळची ती अर्जुनी-मोरगाव, आणि नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या जुन्या मोठ्या सडकेवरची ती सडक अर्जुनी. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तोवर आम्ही भंडारा जिल्ह्यातले. वैनगंगा आमच्या दारावरून वाहत नाही. पण आमच्या भागातील पाणी चुलबंद नदीतून शेवटी तिलाच जाऊन मिळते. म्हणून २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या महापुराविषयी लिहिताना मी परक्याचे दुःख लिहीत आहे, असे मला वाटत नाही. मात्र पुराचे वर्णन करणे हा या लेखाचा हेतू नव्हे. पुरानंतर जे बोलले गेले, छापले गेले आणि दाखविले गेले, त्याचा इतिहास थोडा तपासून पाहावा, एवढाच माझा विचार आहे.

घडले ते असे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यात वैनगंगेवर भीमगडचे धरण आहे. त्यालाच संजय सरोवर म्हणतात. पावसाळा सरत आला म्हणजे धरणे भरत आलेली असतात, कारण ती भरून घेणे हेच तेथील अधिकाऱ्यांचे वर्षाचे काम असते. अशा भरल्या घागरीत आणखी पाणी पडले, की ते बाहेर सोडण्यावाचून गत्यंतर नसते. ते पाणी बालाघाट ओलांडून आमच्याकडे आले, वाटेत इतर नद्यांचे पाणी त्याला मिळाले, आणि भंडारा शहरात शिरले. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली होती. त्याचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले. दरवाजे रोखावेत तर वर भंडाऱ्यास धोका, उघडावेत तर खाली ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीकडच्या गावांना धोका. असा तो पेच होता. धानाची रोवणी आटोपून पीक शेतात डोलत होते. पाणी ओसरले तेव्हा बांध्यांतून गाळ उरला.

आता बातम्यांकडे वळू. आमच्याकडील दैनिकांनी पुराच्या बातम्या भरभरून दिल्या, हे कबूल केले पाहिजे. परंतु देशभर दिसणाऱ्या दूरचित्रवाहिन्या त्या दिवसांत एका चित्रपट अभिनेत्याच्या मृत्यूची उलटतपासणी करण्यात गुंतल्या होत्या. जी जागा उरे ती कोरोनाच्या साथीची. ३१ ऑगस्टला माजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी निवर्तले, आणि त्या दिवसाची पहिली बातमी स्वाभाविकपणे तीच झाली. वैनगंगेच्या काठी माणसे घरांच्या छपरांवर बसली आहेत, ही गोष्ट देशाला कळली ती तळटिपेसारखी. आमच्या लोकांना याचे वाईट वाटले. २०१९ साली सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा सारा महाराष्ट्र हळहळला, मग आमच्या वेळी का नाही, असे पारापारांवर विचारले गेले.

ही तक्रार खरी आहे. पण अर्धीच खरी आहे. २०१९ मध्ये तरी छायाचित्रकारांची दृष्टी नेमकी कशावर होती? ब्रह्मनाळला नाव उलटून माणसे बुडाली, तेव्हा सर्वांचे लक्ष तिकडे गेले. मग एका मंत्र्याच्या नौकेतील चित्रफितीवर दोन दिवस वाद झाला. पाणी इतके का चढले, हा प्रश्न मात्र अभियंत्यांच्या वहीत राहिला. वृत्ताला चेहरा लागतो. नदीला चेहरा नसतो. म्हणून पुराच्या बातमीत चेहरा शोधला जातो, आणि तो सापडला की खापर फोडायला डोकेही सापडते.

राजकारणाचा खेळ तर त्याहून पाहण्यासारखा. २०१९ चे बरेचसे सत्ताधारी २०२० मध्ये विरोधी बाकांवर होते आणि त्या वेळचे विरोधक मंत्रालयात. एका वर्षात खुर्च्यांची अदलाबदल झाली, तशी वाक्यांचीही झाली. आदल्या वर्षी जे शासनाला बेफिकीर म्हणत होते, त्यांच्या बाजूने आता शेजारच्या राज्याकडे बोट दाखविले गेले. आदल्या वर्षी जे संयम बाळगा म्हणत होते, ते आता सांगली-कोल्हापूरच्या दराने मदत द्या म्हणून आग्रह धरू लागले. मागणी रास्त होती, यात शंका नाही. पण ती ऐकताना आमचा शेतकरी मनात म्हणत असणार, की बाबांनो, पाणी कोणत्या पक्षाचे होते ते मागाहून ठरवा. ते येत आहे हे आम्हांला आदल्या रात्री कोण सांगणार होते?

शेजारच्या राज्याने कळविले नाही, हा आरोप मला इतिहासाचा विद्यार्थी म्हणून विशेष विचार करण्याजोगा वाटतो. कारण ते राज्य शेजारचे झाले केव्हा? १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला, तेव्हापासून शिवनी, बालाघाट आणि भंडारा हा सारा मुलूख एकाच कारभाराखाली होता. १९५० मध्ये त्या प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, तेव्हाही राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि भंडारा मुंबई राज्यात आला. भाषेच्या दृष्टीने ते योग्यच झाले. आम्ही मराठी माणसांनी त्याचा आनंदच मानला. पण वैनगंगेला ही वाटणी कुणी विचारली नव्हती. तिचा उगम एका राज्यात राहिला आणि काठचे आम्ही दुसऱ्या राज्यात गेलो. पंचाण्णव वर्षे जी गोष्ट एकाच सरकारच्या दोन कचेऱ्यांमधली होती, ती दोन सरकारांमधली झाली. बाघ आणि बावनथडी या नद्यांवर पुढे दोन्ही राज्यांनी मिळून प्रकल्प उभारले, म्हणजे पाणी वाटून घेण्यासाठी एकत्र बसता येते हे सिद्ध झाले आहे. पूर वाटून घेण्यासाठी मात्र तितक्या निकडीने बसलेले कुणी दिसले नाही. दोषाची जागा मला दिसते ती येथे. ती कोणा एका मंत्र्याच्या डोक्यावर नाही.

आणि दोष शोधण्याचे काम महाराष्ट्राला नवे नाही. १२ जुलै १९६१ च्या सकाळी अंबी नदीवरचे पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडले, आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. बांधाच्या पोटातून काढलेल्या मोरीचे काम पुरे झाले नसताना पाणी साठविले गेले होते. त्या वेळी दूरचित्रवाणी नव्हती. पण बोट दाखवायला ती लागतही नाही. चौकशीसाठी न्यायमूर्ती बावडेकर यांचा आयोग नेमला गेला. काम पुरे होण्यापूर्वीच बावडेकरांनी स्वतःचे जीवन संपविले, आणि मग न्यायमूर्ती नाईक यांचा दुसरा आयोग बसला. त्या पुराच्या आठवणी पुण्यात घरोघर सांगतात. आयोगाचा अहवाल किती घरांत वाचला गेला असेल?

सांगलीचेही तेच. २०१९ मध्ये सर्वांनी अलमट्टी धरणाला बोल लावला. कर्नाटकाने पाणी अडविले म्हणून आपण बुडालो, ही गोष्ट पटायला सोपी होती, कारण तीत शत्रू सीमेपलीकडे होता. शासनाने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल २०२० च्या मे महिन्यात आला. अलमट्टीमुळे पूर आला नाही, असा तिचा निष्कर्ष होता. अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अतिक्रमणे ही कारणे तिने पुढे ठेवली. आरोपाला जितकी मोठी अक्षरे मिळाली होती, तितकी या निष्कर्षाला मिळाली नाहीत. तीनच महिन्यांनी वैनगंगा चढली, आणि बोट पुन्हा सीमेपलीकडे वळले.

आमचा मुलूख तळ्यांचा. पूर्व विदर्भात कोहळी लोकांनी बांधलेली आणि मालगुजारांच्या नावाने ओळखली जाणारी तळी सहा-सात हजारांच्या घरात भरतील. एका तळ्याचे जादा पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात जाई, त्याचे त्याखालच्या तळ्यात. पाणी सोडण्याचे दार, म्हणजे तुडूम, केव्हा उघडायचे हे ठरलेले असे आणि ते उघडणारा माणूसही गावाला ठाऊक असे. मालगुजारीचे गोडवे गाण्याचे मला कारण नाही. तीत जुलूम होता, पाण्यावरून भांडणे होत, आणि १९५१ मध्ये ती गेली हे बरेच झाले. पण तळ्याची पाळ फुटली तर कुणाला विचारायचे, हे शोधायला आयोग नेमावा लागत नसे. दोष देता येत होता, कारण काम आधी नेमून दिलेले होते. जबाबदारी पुढे, दोष मागे, हा तो क्रम. आज आपण तो उलटा केला आहे. आधी पूर येतो, मग दोषी शोधला जातो, आणि त्याचे काम नेमके काय होते हे सर्वांत शेवटी विचारले जाते.

वृत्तपत्रांना येथे करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्याला चित्रफीत लागत नाही. भीमगडचे दरवाजे उघडले तर भंडाऱ्याच्या कचेरीत कोण कुणाला कळवील, गोसीखुर्दमधून किती पाणी सोडल्यावर कोणत्या गावांत दवंडी पिटवावी, रात्री ती कोण पिटवील, ही माहिती दरसाल मृगापूर्वी गावागावांच्या नावांसह छापता येईल. भीमगडपासून भंडाऱ्यापर्यंतची वाट लांब आहे. पाण्याला ती कापायला वेळ लागतो, आणि तोच वेळ गुरे सोडायला, म्हाताऱ्यांना उचलून न्यायला आणि बियाण्याची पोती माळ्यावर चढवायला मिळायला हवा. ज्याच्या हाती ती सूचना देणे आहे, त्याचे पद जून महिन्यात छापलेले असले, तर सप्टेंबरात त्याच्याकडे बोट दाखवायला कुणाला संकोच वाटणार नाही, आणि त्यालाही ते आधीच माहीत असेल.